दुर्बलतेची सनद

शत्रूच्या नगराच्या तटावर जो शिपाई सर्वांच्या आधी चढून जाई, त्याला रोमन सेनापती सोन्याचा मुकुट बहाल करीत. बुरुजांची आकृती कोरलेला हा मुकुट रोमच्या लष्करी सन्मानांत फार वरच्या प्रतीचा समजला जाई. इसवी सनाच्या पहिल्या शतकात, ह्याच रोमच्या अंमलाखाली नांदणाऱ्या करिंथ नावाच्या ग्रीक शहरातील लहानशा ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पत्रात पौल नावाचा एक ज्यू प्रचारक आपल्या पराक्रमांची यादी देऊ लागतो आणि त्या यादीच्या अखेरीस नेमकी उलट हकीकत सांगतो. दमास्कस येथे अरीतास राजाच्या सुभेदाराने आपल्याला पकडण्यासाठी शहरावर पहारा बसवला असता, मित्रांनी आपल्याला टोपलीत बसवून तटाच्या खिडकीतून खाली सोडले आणि आपण निसटलो, एवढीच ती हकीकत. ज्या समाजात तटावर पहिल्याने चढणाऱ्याच्या मस्तकी मुकुट ठेवीत, त्या समाजातील वाचकांना आपण तटावरून टोपलीतून उतरलो हे अभिमानाचे कलम म्हणून कोणी सांगावे, ही विसंगती हेतुपुरस्सर योजलेली आहे असे अनेक भाष्यकार मानतात, आणि मलाही ते पटते; कारण त्या सबंध पत्राचा रोखच तसा आहे.

करिंथ हे त्या काळचे सामान्य गाव नव्हते. ग्रीसच्या दोन भूभागांना जोडणाऱ्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेल्या ह्या शहराला दोन समुद्रांवर दोन बंदरे होती. इ. स. पूर्व १४६ मध्ये रोमनांनी त्याचा विध्वंस केला आणि पुढे सुमारे शंभर वर्षांनी, इ. स. पूर्व ४४ मध्ये, जूलियस सीझरच्या हुकमाने ते पुन्हा वसवले गेले, तेव्हा तेथे येऊन राहिलेल्यांत दास्यातून मुक्त झालेली, घराण्याचा वारसा नसलेली आणि म्हणूनच पैशाच्या व लौकिकाच्या जोरावर आपले स्थान नव्याने सिद्ध करू पाहणारी माणसे पुष्कळ होती. अशा शहरात वक्त्याची ऐट, त्याची बिदागी आणि त्याच्या मागे उभे असलेले आश्रयदाते ह्यांवरून त्याची किंमत ठरावी हे स्वाभाविकच होते. पौल इ. स. ५० च्या सुमारास तेथे आला तो अक्विला आणि प्रिस्किल्ला ह्या दांपत्याबरोबर तंबू तयार करण्याचा धंदा करीत, स्वतःच्या हातांनी पोट भरीत दीड वर्ष राहिला, आणि आपल्या श्रोत्यांकडून त्याने मोबदला घेतला नाही. तो निघून गेल्यावर दुसरे प्रचारक शिफारसपत्रे घेऊन दाखल झाले. ह्या पौलाची पत्रे तेवढी वजनदार, समोर आला की माणूस अगदी फिका आणि बोलणे तर त्याहून फिके, अशी कुजबुज सुरू झाली. आणि ज्या मंडळीला त्याने जन्म दिला होता तीच त्याच्याकडे प्रेषितपणाची सनद मागू लागली.

हे आव्हान स्वीकारण्याची सामग्री पौलाजवळ नव्हती असे नाही. तो तार्ससमध्ये जन्मलेला रोमन नागरिक होता, आणि गमलियेलसारख्या नामांकित आचार्याच्या पायाशी बसून त्याने आपल्या पूर्वजांच्या धर्मशास्त्राचे अध्ययन केले होते. परंतु करिंथकरांना लिहिलेल्या ह्या दुसऱ्या पत्रात तो असल्या प्रमाणपत्रांना जेमतेम स्पर्श करून ती बाजूस ठेवतो आणि पाच वेळा प्रत्येकी ३९ फटके, तीन वेळा छड्यांचा मार, एकदा दगडमार, तीन वेळा जहाज फुटणे, भूक, तहान, थंडी, उघडेवाघडेपण अशी आपली कैफियत मांडतो. नंतर १४ वर्षांपूर्वी आपल्याला झालेल्या एका अलौकिक दर्शनाचा तो उल्लेख करतो, पण तोही जणू दुसऱ्याच कोणाविषयी बोलत असल्याप्रमाणे. आणि लगेच सांगतो की त्या दर्शनाने मी फुगून जाऊ नये म्हणून माझ्या शरीरात एक काटा रुतवण्यात आला. तो निघावा म्हणून त्याने प्रभूकडे तीनदा विनवणी केली. अर्ज मंजूर झाला नाही. दुखणे राहील, मात्र ते अंगावर वागवीत काम करता येईल इतका माझा आधार तुला आहे, आणि तुझे बळ सरते त्याच जागी माझे बळ कार्य करू लागते, अशा आशयाचे उत्तर त्याला मिळाले.

हा काटा म्हणजे काय, ह्याविषयी एकोणीस शतके तर्क चालू आहेत. कोणी डोळ्यांचे दुखणे म्हणतात, कोणी हिवताप, कोणी अपस्मार, कोणी वैऱ्यांचा छळ. पौलाने नाव सांगितले नाही हे त्याचे वाचकांवर उपकारच झाले आहेत. त्यामुळे पुढच्या काळातील क्षयी, पांगळा, कर्जबाजारी, मनाने खचलेला असा कोणताही मनुष्य त्या ओळींशी येऊन थांबू शकला.

ह्या विचाराची मुळे जुन्या करारात खोल गेलेली आहेत. मोशे आपली जीभ जड असल्याची सबब सांगतो तरी त्यालाच मिसरच्या राजापुढे बोलण्यास पाठवले जाते. गिदोनाच्या ३२,००० सैन्यातून माणसे काढता काढता अखेर ३०० उरतात, आणि ती अशासाठी की जय झाल्यावर लोकांनी तो आपल्या मनगटाचा समजू नये. परंतु ख्रिस्ती माणूस दुर्बलतेविषयी जे बोलतो त्याचा खरा आधार ह्या कथांत नसून वधस्तंभात आहे. शरणागतीची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. आपले सगळे संतवाङ्मय तिने भारलेले आहे, आणि सर्वसमर्थ देवापुढे अकिंचन भक्त उभा आहे हे चित्र वारकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. ख्रिस्ती श्रद्धेचे वेगळेपण हे की तिच्यात देव स्वतःच त्या अकिंचनाच्या जागी जाऊन उभा राहतो. गेथशेमाने बागेत येशूही तीनदा प्रार्थना करतो, हा प्याला टळावा म्हणून विनवतो, आणि तो टळत नाही; दुसऱ्या दिवशी गुलामांना आणि बंडखोरांना देण्यात येणारे मरण त्याला येते. पौलाची तीन वेळची विनवणी वाचताना मंडळीला ही बाग आठवली असेलच. ज्याची प्रार्थना नामंजूर झाली तो पुत्रच होता, हे एकदा मान्य केले म्हणजे नामंजूर झालेली प्रार्थना ही ईश्वराने टाकल्याची खूण उरत नाही. आणि ह्यालाच ख्रिस्ती लोक कृपा म्हणतात, की मनुष्याच्या कर्तबगारीचा हिशेब तपासल्यावाचून ईश्वर त्याच्या सोबतीस येतो.

एवढे सांगून थांबता आले असते, परंतु ह्या शिकवणुकीवर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. १८८७ साली नीत्शे ह्या जर्मन तत्त्वज्ञाने नीतिकल्पनांच्या उगमाविषयी जो ग्रंथ लिहिला त्यात त्याने असा आरोप केला की दुबळ्यांनी आपल्या दुबळेपणालाच सद्गुणाचे नाव दिले आणि सामर्थ्याला पाप ठरवून त्याचा सूड उगवला. आरोप जितका तिखट, तितकाच त्याला इतिहासातून पुरावा देता येण्याजोगा आहे. कारण अमेरिकेतील मळेवाल्यांनी आपल्या गुलामांना आणि जगातील पुष्कळ धर्मांतील पुरुषांनी आपल्या स्त्रियांना सहनशीलतेचे माहात्म्य ऐकवले, ते स्वतः सहन करण्याची पाळी न येता. योगायोग असा की त्याच १८८७ साली अमेरिकेत एका मराठी विधवेचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीविषयीच्या त्या पुस्तकात पंडिता रमाबाईंनी आपल्या देशभगिनींच्या मुख्य गरजा सांगितल्या, त्यांत पहिली स्वावलंबन ही होती. शिक्षण आणि एतद्देशीय स्त्री-शिक्षिका ह्या नंतरच्या. पुढे ज्या बाईने आपले सारे जीवन ईश्वरावर टाकून दिले, तिने दुर्बलांसाठी पहिली मागणी स्वावलंबनाची करावी, ह्यात नीत्शेच्या आक्षेपाचे उत्तर सापडते असे मला वाटते, आणि ते उत्तर उलगडण्यासाठी बाईंच्या चरित्राकडे थोडे सावकाश पाहिले पाहिजे.

१८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंना त्यांच्या पित्याने, अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी, लोकमताविरुद्ध जाऊन संस्कृत शिकवले होते. मायलेकींना विद्या देणारा हा पुरुष आपल्या द्रव्याचा दानधर्मात व्यय करून कुटुंबासह पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडत असे. दक्षिणेतील दुष्काळात ह्या कुटुंबाची जी अन्नान्नदशा झाली तिचे वर्णन बाईंनी पुढे स्वतः लिहून ठेवले आहे. भांडी गेली, दागिने गेले, अंगावरची वस्त्रे तेवढी उरली. मजुरी करावी तर सवय नाही आणि भीक मागावी तर कुलीनपणा आडवा येतो, अशा अवस्थेत जंगलातील पाल्यावर त्यांनी दिवस काढले, आणि म्हाताऱ्या पित्याने जलसमाधीचा विचार केला तेव्हा मुलगा श्रीनिवास हा जातीचा अभिमान सोडून अंगमेहनतीला तयार झाला. तोवर उशीर झाला होता. पिता गेला, माता गेली, मागून बहीणही गेली. विद्येचे एवढे भांडार असलेले ते घर मूठभर धान्यावाचून मोडले, आणि ज्या अभिमानाने ते ताठ उभे होते त्याच अभिमानाने ते वेळेवर वाकू शकले नाही, ही गोष्ट त्या मुलीच्या अंतःकरणात किती खोल गेली असेल ह्याची कल्पना पुढच्या घटनांवरूनच येते.

त्यानंतरचा वैभवाचा काळ सर्वांना माहीत आहे. भावासह अनवाणी हिंडत ती १८७८ मध्ये कलकत्त्यास पोचली, आणि भागवत मुखोद्गत असलेल्या ह्या वीस वर्षांच्या मुलीला तेथील पंडितांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ ह्या पदव्या दिल्या. लवकरच भाऊ गेला. बिपिनबिहारी दास ह्या बंगाली वकिलाशी विवाह झाला, आणि दोन वर्षांच्या आत पटकीने पतीही गेला. कडेवर लहानगी मनोरमा. पुण्यात आर्य महिला समाज स्थापून बाई १८८३ मध्ये वैद्यक शिकण्यासाठी इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु ज्या वैद्यकासाठी समुद्र ओलांडला ते शिकता आले नाही, कारण त्यांचे कान जात चालले होते. हा त्यांचा काटा. तो पुढे कधी निघाला नाही.

ह्यानंतर लगेच बाई ईश्वरावर विसंबून राहू लागल्या असे समजणे मात्र चुकीचे होईल. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे आपण ख्रिस्ती धर्म मानत होतो तरी ख्रिस्ताला ओळखत नव्हतो, अशा अर्थाची कबुली त्यांनी आपल्या १९०७ च्या साक्षीत दिली आहे. धर्माची मते त्यांना बुद्धीने पटली होती, आणि त्यांची बुद्धी कोणाला सहजासहजी वश होणारी नव्हती. वाँटेजच्या भगिनींशी आणि चेल्टनहॅमच्या महिला विद्यालयाच्या प्राचार्या डॉरोथिया बील ह्यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला त्यात ही नवख्रिस्ती विधवा इंग्लंडच्या धर्माधिकाऱ्यांना आपल्या विवेकावर अधिकार सांगू देत नाही. चेल्टनहॅमला पुरुष विद्यार्थ्यांना संस्कृत शिकवण्यास बिशपांनी हरकत घेतली, ती तर त्यांना फारच जिव्हारी लागली. १८८९ मध्ये अमेरिकन मदतीवर मुंबईत विधवांच्या शिक्षणासाठी शारदा सदन उघडले, पुढल्या वर्षी ते पुण्यास आले, आणि १८९१ च्या सुमारास, ज्ञान, पदव्या, लोकमान्यता, परदेशातील मित्र हे सर्व जवळ असताना, बाईंना जाणीव झाली की आतून आपण रित्या आहोत आणि स्वतःला सुधारण्याची शक्ती आपल्यात नाही. दुर्बलतेचा हा शोध एका अत्यंत समर्थ स्त्रीला, तिच्या सामर्थ्याच्या ऐन भरात लागला, ह्याकडे मी वाचकाचे लक्ष वेधू इच्छितो.

त्याची परीक्षा लवकरच झाली. १८९३ मध्ये सदनातील मुली बाईंच्या प्रार्थनेस बसतात ह्यावरून पुण्यात वादळ उठले, रानडे आणि भांडारकर ह्यांच्यासारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि पुष्कळ मुलींना पालक घेऊन गेले. बाईंनी कोणाची मनधरणी केली नाही. ह्याच काळात ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरचे चरित्र त्यांच्या वाचनात आले होते. हा मूळचा प्रशियन गृहस्थ माणसांपुढे हात न पसरता केवळ प्रार्थनेवर आपला अनाथाश्रम चालवी, आणि त्याच्या पाच इमारतींत एका वेळी सुमारे २,००० मुले पोसली जात. असा विश्वास ठेवून आपल्या देशात काम होईल काय, हा प्रश्न बाईंना पडला. उत्तर द्यायला १८९६ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातील हकिकती कानावर येऊ लागल्या तेव्हा त्यांच्याजवळ पैसा नव्हता आणि जाण्याचे धैर्य होत नव्हते, हे त्यांनी स्वतःच लिहिले आहे. पण आपली आई, आपला बाप, आपली बहीण कशी गेली हे आठवून त्या निघाल्या आणि सुमारे ३०० मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे एवढी माणसे ठेवण्यास मनाई झाली, तेव्हा पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगाव येथील आपल्या मळ्यात त्यांनी त्यांना नेले. तेच मुक्ती सदन. १९०० च्या गुजराती दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

आता केडगावी काय शिकवले जाई ते पाहावे. तेथे प्रार्थना होती, भरपूर होती; १९०५ मध्ये त्या प्रार्थनेला उधाण येऊन तिचा बोलबाला परदेशांतही झाला. परंतु प्रार्थना करून उठलेली मुलगी शेतात, मागावर, घाण्यावर, गोठ्यात किंवा छापखान्यात जाई आणि लिहायवाचायला शिके. तू दुर्बल आहेस, ते गोड मानून घे, असे कोणत्याही विधवेला बाईंनी सांगितल्याचे दिसत नाही. शारदा सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, ज्यांनी पुढे धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला, त्यांना मिळालेले बळही ह्याच बाईंच्या हातचे. पौल करिंथच्या गोरगरिबांना दुबळे राहा असे सांगत नाही; तो स्वतःच्या दुबळेपणाविषयी बोलतो, आणि तेही फुशारकी मारणाऱ्यांना ऐकू जावे म्हणून. रमाबाईंचेही तसेच. दुर्बलतेची ही शिकवणूक मनुष्याने आपल्यापुरती लागू करावयाची आहे. ज्याच्या हाती सत्ता, विद्या वा पैसा आहे त्याने ती दुसऱ्याला सुनावली की तिचे विष होते, आणि अशा वेळी नीत्शेचा आक्षेप तंतोतंत खरा ठरतो. उलट ज्याने ती स्वतःला लावून घेतली आहे त्याला आपला मोठेपणा राखायचा नसतो, म्हणून दुसऱ्याला आपल्यावर अवलंबून ठेवण्याची गरजही त्याला भासत नाही. ज्या बाईने एकदा इंग्लंडच्या बिशपांपुढे मान तुकवली नाही, तिच्या ह्या शरणागतीला लाचारीचा वासही येत नाही तो ह्यामुळेच. ईश्वराच्या हाती गेलेले मन माणसाच्या मुठीत सहसा येत नाही.

ह्या दृष्टीने बाईंच्या अखेरच्या वर्षांतील कामाला मी फार महत्त्व देतो. पंडितांच्या सभा जिंकणाऱ्या ह्या स्त्रीने उतारवयात हिब्रू आणि ग्रीक ह्या भाषांचा अभ्यास करून सबंध बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले, कारण प्रचलित भाषांतराची संस्कृतप्रचुर भाषा खेड्यातल्या अडाणी बायकांना उमगत नाही असे त्यांचे मत होते. पौलाने करिंथमध्ये वक्तृत्वाचा थाट मुद्दाम टाकला होता, तसा बाईंनी आपला सरस्वतीपदाचा थाट इथे टाकला. फरक इतकाच की पौलाने काय टाकले ते आपल्याला त्याच्या शब्दावरून मानावे लागते, बाईंची विद्वत्ता मात्र पूर्वीच्या लेखनात जशीच्या तशी उपलब्ध आहे. कान जवळजवळ गेलेले होते. १९२१ च्या जुलैमध्ये मनोरमा वारली; मुक्तीचा भार जिच्यावर सोपवायचा ती एकुलती मुलगी गेल्यावरही बाईंनी काम थांबवले नाही, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या स्वतः गेल्या. ते भाषांतर १९२४ मध्ये संपूर्ण प्रसिद्ध झाले. ते छापले केडगावच्याच छापखान्यात, आणि तेथे काम करणाऱ्यांत दुष्काळातून आणलेल्या त्याच मुली होत्या.